बोटांच्या बेचकीतली तुळस

"दीक्षा कधी, बुवा?"

भर उन्हाळ्यातली दुपार होती, मठाचे पत्रे तापून कडकड वाजत होते आणि बुवा घोंगडी गळ्यापर्यंत ओढून कुडकुडत होते.

"गुरुद्वादशीला देतो म्हणालात. मग दत्तजयंतीला म्हणालात. आता..."

"आता म्हातारा मरायलाय, म्हणून घाई हाय."

श्रीरंगनं घोंगडीची कड सारखी केली. बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

दयाळगिरी बुवा म्हणजे तेरणेकाठच्या दत्तमठाचे म्हातारे गोसावी. बोलायला गोड, पण चिमटा काढायला पक्के. आणि श्रीरंग म्हणजे त्यांचा सगळ्यात शिकलेला आणि सगळ्यात अवघड शिष्य.

हा श्रीरंग मूळचा डॉक्टर. तालुक्याला त्याचा चालता दवाखाना होता. एक दिवस त्याच्या हातून एक बाळंतीण गेली. त्याची चूक नव्हती असं सगळे म्हणाले. तिचा नवरासुद्धा म्हणाला. एकट्या श्रीरंगला ते पटलं नाही. त्यानं दवाखान्याला कुलूप लावलं आणि मठात येऊन बसला.

नुसता येऊन बसला असता तरी चाललं असतं. पण त्यानं गावासमोर आपला स्टेथोस्कोप तेरणेत विसर्जित केला. देह मिथ्या आहे, म्हणाला. यापुढे कोणाच्या देहाला औषधासाठी हात लावणार नाही, म्हणाला. आपलं नवं नावही त्यानं स्वतःच ठरवून ठेवलं होतं, विदेहगिरी.

बुवा तेव्हा काठावर बसून दात कोरत होते. "बरं झालं," ते म्हणाले. "आता मासे एकमेकांची छाती तपासतील."

त्यांनी त्याला विदेह अशी हाक कधी मारली नाही. 'डाक्टर' म्हणत राहिले. श्रीरंगला ते लागायचं, पण गुरूला बोलणार कोण?

घोंगडी हलली.

"डाक्टर..."

"जी."

"रोज माझ्या पायावर डोकं ठेवतोस."

"ठेवतो."

"पाय बघितलास का कधी?"

श्रीरंगला प्रश्नाचा अर्थच कळेना. मठात आल्यापासून त्या पायांची पूजा त्याच्याकडेच होती. तो यायच्या आधी फक्त गुरुवारी पूजा व्हायची, तीही स्वयंपाक बघणारी अंबूबाई तांब्याभर पाण्यानं करायची आणि पदरानं पाय पुसून मोकळी व्हायची. श्रीरंगला ते गबाळं वाटलं. त्यानं रोजची पाद्यपूजा सुरू केली. दूध, दही, तूप, मध, साखर. मग गंध. मग पायाच्या प्रत्येक बोटाच्या बेचकीत ओल्या तुळशीचं एकेक पान, आणि ते दिवसभर तिथंच राहायचं. पाय पुसायचे नाहीत, हा त्याचाच नियम. चरणतीर्थ पुसून टाकणं म्हणजे पाप, असं त्यानं अंबूबाईला ठणकावून सांगितलं होतं. अंबूबाईनं पदर आवरून घेतला होता.

"रोज त्या चरणांचंच तर दर्शन घेतो, बुवा."

"चरण ऱ्हाऊ दे. पाय म्हणलं मी."

बुवांनी घोंगडीतून उजवा पाय बाहेर काढला. काढताना त्यांचा चेहरा पिळवटला.

श्रीरंगनं सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि डोकं खाली नेलं.

"डोळं उघड."

त्यानं उघडले.

घोट्याचं हाड कुठं होतं ते कळत नव्हतं. पाऊल भाकरीसारखं फुगलं होतं. कातडी ताणून चकाकत होती. पावलापासून निघालेली लाली नडगीवर चढली होती, आणि तिच्या वाफा हात न लावताही जाणवत होत्या.

"काय दिसायलंय?"

"आपण... भक्तांचे भोग अंगावर घेतलेत."

"कुणी सांगितलं?"

श्रीरंगनं मान खाली घातली. सकाळी बुवा तापानं उठेनात, तेव्हा त्यानंच मठाच्या स्पीकरवरून तसं सांगितलं होतं. पंचक्रोशीत कळलं होतं. अंगणात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती, ती त्याच निरोपाची करामत होती.

"लेका, माझ्या अंगावर कुणाचा भोग न्हाई. असलं तर तुझं पंचामृत हाय."

श्रीरंगला हसू आलं नाही.

"बोट लाव," बुवा म्हणाले.

"बुवा, मी ते सोडलंय."

"डाक्टरकी सोडलीस. बोट हाय ना अजून?"

श्रीरंगनं नडगीवर अंगठा ठेवला. हलकेच दाबला. मग अंगठा उचलला.

खड्डा तसाच राहिला.

दोघंही त्या खड्ड्याकडं बघत बसले. कणकेत बोट रुतवावं तसा तो दिसत होता, आणि भरून यायला त्याला कसलीही घाई नव्हती.

"ह्यो खड्डा का पडला?"

"आत पाणी साचलंय."

"कुठलं पाणी? मी तर घोटभर बी प्यायलो न्हाई सकाळपासून."

"रक्तातलं."

"ते पायात कसं आलं?"

बाहेर कोणीतरी आरती सुरू केली होती आणि तिचा सूर चुकत होता.

"बुवा, तुम्हाला ताप आहे. विश्रांती घ्या."

"तू मला इतके दिवस ऐकलंस. कळो न कळो, माना डोलवल्यास. आज मी ऐकतो. शिकव."

"मी तुम्हाला?"

"हूं. मी शिष्य. सांग."

आणि म्हातारा, तापानं फणफणलेला, खरंच हात जोडून उशीवर जरासा वर सरकला. श्रीरंगला कसंतरी झालं. त्यानं ते जोडलेले हात धरून खाली ठेवले आणि ठेवता ठेवताच नाडी कधी मोजायला लागला ते त्याला कळलं नाही.

नाडी पळत होती.

"जखम असते कुठंतरी," तो म्हणाला. "बारीक. दिसणारही नाही इतकी. तिच्यातून जिवाणू आत शिरतात."

"डोळ्याला दिसत्यात?"

"नाही. पण शरीराला कळतं. कळलं की जखमेभोवतीच्या रक्ताच्या बारीक नळ्या रुंद होतात. त्यांच्या भिंती सैल पडतात. रक्तातलं पाणी भिंतीतून मांसात झिरपतं. पाण्यासोबत पांढऱ्या पेशी येतात. लढायला."

"भिंती कोण सैल करतं? ते जिवाणू?"

"थोड्या त्यांच्या विषानं होतात. पण जास्त करून आपलं शरीरच करतं. मुद्दाम."

"आपणच दार उघडतो?"

"हो."

"म्हणजे हे पाणी वैऱ्याचं न्हाई."

"नाही. आपलंच आहे."

"मदतीला आलेलं."

"हो, बुवा."

बुवांनी पायाकडं मोठ्या प्रेमानं बघितलं. एखादा पाहुणा खूप लांबून आला आहे हे आताच कळावं, तसं.

"मग ठणकतं का एवढं?"

"कारण येणारं फार, आणि जाणारं कमी. हे झिरपलेलं पाणी परत न्यायला बारीक बारीक वाटा असतात. एवढं पाणी त्यांच्यानं ओढवत नाही. वर त्याच वाटांना सूज येते. मग पाणी अडतं. कातडी ताणते, आतल्या शिरा दाबल्या जातात, आणि जिथं लढाई चालू आहे तिथंच नवं रक्त नीट पोचत नाही."

"त्या वाटा जांघेतनं जात्यात का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अवधाणाची गाठ आलीया तिथं. कालपास्नं."

काल संध्याकाळी श्रीरंगनं याच पायांवर बराच वेळ डोकं ठेवलं होतं. पाय गरम लागले होते. त्यानं ते तेज मानलं होतं.

"थंडी कधीपासून वाजतेय?"

"कालपास्नं."

"सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं न्हाईस. तू दीक्षेचं विचारलंस."

हे बुवा रागानं म्हणाले असते तर श्रीरंगला सोसलं असतं. ते हसत म्हणाले. ते त्याला सोसलं नाही.

"जखम कुठं हाय पण?" बुवांनी विचारलं. "काटा न्हाई, ठेच न्हाई. उंबऱ्याबाहेर मी पडतो कुठं? आलेल्या माणसाला पाय दावत चौरंगावर बसायचं, एवढंच तर काम."

श्रीरंग पायाशी वाकला. या वेळी डोकं ठेवायला नाही. त्यानं पाऊल तळहातावर घेतलं, टाच तपासली, तळवा बघितला. मग बोटं एकेक करून उघडायला लागला.

अंगठ्याजवळच्या बेचकीत तुळशीचं पान होतं.

पुढच्या बेचकीत होतं.

त्याच्या पुढच्याही बेचकीत होतं.

करंगळीजवळचं पान निघेना. ते कातडीला चिकटलं होतं. त्यानं ते हळूच सोडवलं. खालची कातडी पांढरीफटक, लिबलिबीत झाली होती, धुणं धुऊन धुऊन बोटांची होते तशी. आणि तिच्या मधोमध एक भेग होती. लाल. आंबट वास मारणारी.

दही, मध, साखर. आणि न पुसण्याचा नियम.

श्रीरंग पान हातात धरून बसून राहिला.

वैद्यकीच्या पहिल्या काही धड्यांतली ही गोष्ट. बेचकी ओली ठेवू नका. गावोगाव शिबिरं घेऊन शेतकऱ्यांना हे त्यानं स्वतः सांगितलं होतं. वर गोडाचा लेप दिला तर जंतूंची दिवाळी, हेही तो हसवून हसवून सांगायचा. आणि देह मिथ्या म्हटल्यावर तोच माणूस रोज सकाळी गुरूच्या पायाला जंतूंचं जेवण वाढत होता, तेही मंत्र म्हणून.

"मी केलं हे," तो म्हणाला.

बुवांनी पाय तसाच त्याच्या हातात राहू दिला.

"बुवा, मी केलं."

"पान बरीक ताजं असायचं. येवढं मातर खरं."

"थट्टा करू नका! तुम्हाला खाज सुटली असेल. झोंबलं असेल. अंबूबाई पुसायची, ते मी बंद केलं. तुम्ही एका शब्दानं म्हणाला असतात..."

"म्हणलो असतो."

"मग?"

बुवा पत्र्याकडं बघत राहिले. बाहेरची आरती संपली आणि दुसरी सुरू झाली.

"तू आलास तवा तुझं हात थरथरायचं," ते म्हणाले. "पेला धरवत नव्हता तुला. अंबूबाई म्हणली, बुवा, ह्या डाक्टरच्या अंगावरनं वारं गेलंय. मी म्हणलं, न्हाई... एक बाळंतीण गेलीय, ती त्याच्या हातातनं सुटंना."

श्रीरंगनं हातातलं पान मुठीत मिटलं.

"पाय धुताना मातर थरथरायचं न्हाईत. येकदम शांत. मी बघायचो. मग म्हणलं... धुऊ दे."

श्रीरंगला वाटत होतं, आपण गुरूची सेवा करतो आहोत. इतके दिवस सेवा उलटीच चालली होती, आणि तिची किंमत म्हाताऱ्याच्या पायानं मोजली होती.

मठात रडायला वेळ नव्हता. श्रीरंग उठला आणि दारात गेला.

"अंबूबाई! गावातनं जनार्दनरावांची जीप बोलवा. आत्ता. बुवांना तालुक्याला न्यायचंय."

अंबूबाई चुलीपुढून उठून आली. "दवाखान्यात? भोग हाय म्हणला होता तुम्ही."

"चुकीचं म्हणालो होतो. जंतू आहेत. ताप चढतोय, रक्तात पसरले तर म्हातारा हाती लागायचा नाही. जा!"

अंबूबाईनं एक नजर त्याच्याकडं टाकली. बोलण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ असावं. ती धावली.

"पाय खाली सोडू नका," श्रीरंग आत येत म्हणाला. उशा, पोथ्यांचा गठ्ठा, गुंडाळलेली सतरंजी, हाताला येईल ते त्यानं पायाखाली रचलं. "छातीपेक्षा वर राहू दे. साचलेलं पाणी उताराला लागेल."

"एवढा वर?" बुवा म्हणाले. "मग लोकांना उभं राहून डोकं ठेवावं लागंल."

"कोणी डोकं ठेवणार नाही."

"हां... जमायलंय तुला."

आता बेचक्या कोरड्या करायच्या होत्या. श्रीरंगनं भोवती बघितलं. पंचे ओले, उपरणं घामट, अंबूबाईची फडकी तुपकट. रोजच्या पूजेच्या पाण्यानं मठभर ओल पसरलेली, कोरडी अशी चिंधी सापडेना.

"माझ्या पेटीत बघ," बुवा म्हणाले. "तळाला."

श्रीरंगनं पेटी उघडली. तळाशी कापराच्या वड्यांत एक छाटी, गोसाव्याचं वस्त्र, घडी करून ठेवली होती. भगवी, मऊसूत. बुवांनी ती स्वतः गेरूत रंगवलेली दिसत होती, कारण रंग एका कोपऱ्यात जास्त बसला होता.

ती कोणासाठी आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. मठात दीक्षा मागणारा तो एकटाच होता.

तो ती दोन्ही हातांवर घेऊन आला आणि खाटेपाशी उभा राहिला. ज्या क्षणाची वाट बघत त्यानं गुरुद्वादशी काढली, दत्तजयंती काढली, तो असा, औषधाच्या घाईत आला होता.

"कोरडी हाय का?" बुवांनी विचारलं.

"आहे."

"मग फाड."

"बुवा..."

"अख्खी घालशील व्हय बोटात? फाड. बारीक पट्ट्या कर."

श्रीरंगनं छाटीची कड दाताखाली धरली. चर्रकन आवाज झाला. तो आवाज त्याला पुढं किती वर्षं ऐकू येत होता, ते त्याचं त्याला ठाऊक. फाडताना हात थरथरत होते, एवढं खरं. मग त्यानं पाऊल मांडीवर घेतलं आणि हात थरथरायचे थांबले.

त्यानं आधी स्वच्छ पाण्यानं पाय धुतला. नुसत्या पाण्यानं. मग पहिल्या बेचकीत पट्टी घातली आणि टिपून घेतलं. मग दुसऱ्या. रगडलं नाही. भेगेपाशी आला तेव्हा फुंकर घालत राहिला.

सगळ्या बेचक्या कोरड्या झाल्यावर त्यानं पूजेच्या तबकातली अष्टगंधाची वाटी ओढली आणि लाली जिथं संपत होती तिथं नडगीवर, कडेकडेनं, एक रेघ काढली.

"ह्यो कसला विधी?"

"विधी नाही. लाली रेघेच्या पलीकडं गेली, तर रोग पुढं सरकतोय. अलीकडं आली, तर हटतोय."

"गंधाचा बरा उपेग काढलास."

पुढं लोकांनी ती रेघ बघितली आणि आमच्या भागात सुजलेल्या पायाला गंधाची रेघ ओढायची चाल पडली. आमच्याकडं चाल पडायला काय लागतं! पण ती नंतरची गोष्ट.

अंबूबाई दारात आली. धापा टाकत होती.

"जीप आलीया. पर वेशीपाशी अडकलीया. माणसांतनं वाट न्हाई."

श्रीरंग बाहेर आला आणि बघतच राहिला.

अंगण भरलं होतं. अंगणाबाहेरची गल्ली भरली होती. कोणी दुधाच्या कळशा आणल्या होत्या, कोणी हळदीचा लेप वाटत होतं. एकानं बुवांना टेकायला घरची गादी आणली होती आणि ती डोक्यावर घेऊनच तो उभा होता. गल्लीत बैलगाड्या आडव्या, ट्रॅक्टर उभा. विहिरीवर पाणी काढायलासुद्धा जागा नव्हती. पोरंबाळं तहानेनं रडत होती. पुढच्याला मागं जाता येत नव्हतं, आणि मागून माणसं येतच होती. सगळ्यांचे डोळे रडून लाल.

त्या सगळ्यांच्या पलीकडं जीपचा हॉर्न वाजत होता.

श्रीरंगचा संताप झाला. तो आत वळला. "मूर्ख आहेत! मदत म्हणून आलेत आणि गळा दाबून बसलेत. मी आता एकेकाला..."

"डाक्टर."

तो थांबला.

"कुणी बोलावलं त्यांना?"

"...मी."

"आपलीच हायती ती," बुवा म्हणाले. आवाज आता फार बारीक झाला होता. "रागवू नको. वाट कर."

श्रीरंग पुन्हा बाहेर गेला. ओट्यावर उभा राहिला आणि हात वर केले. त्याला बघून लोकांनी 'विदेह महाराज की जय' असा गजर केला. हे नाव गावात त्यानंच रुजवलं होतं. आज ते कानाला कडू लागलं.

"ऐका," तो म्हणाला. कोणी ऐकेना.

"बुवांची आज्ञा आहे," तो म्हणाला. गजर आणखी वाढला.

हॉर्न वाजत होता.

मग श्रीरंगनं तो शब्द उच्चारला, जो त्यानं तेरणेत बुडवला होता.

"मी डॉक्टर आहे," तो ओरडला. "पेशंट सिरियस आहे. वाट सोडा."

अंगण एकदम चिडीचूप झालं.

तो पायऱ्या उतरला. कोणावर खेकसला नाही. पहिल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, तुम्ही आलात, बुवांना पोचलं. आता नदीकडच्या दारानं मागं व्हा." दुसऱ्याला म्हणाला, "मावशी, दूध अंबूबाईला द्या आणि पोराला सावलीत न्या." तिसऱ्याला, चौथ्याला. गादीवाल्याची गादी त्यानं जीपसाठी ठेवून घेतली. नदीकडचं दार कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. लोकांनीच खांदा लावून ते उघडलं. माणसं तिकडून ओसरायला लागली. अंगणातली दाटी हळूहळू सैल झाली, आणि जीप ओट्याशी येऊन लागली.

पाय उंच धरून, गादीवर निजवून, बुवांना नेलं.

तालुक्याच्या दवाखान्यात श्रीरंगचेच जुने सोबती होते. शिरेतून औषध सुरू झालं. लाली पहिल्या रात्री रेघेच्या जराशी पलीकडं गेली तेव्हा श्रीरंगनं खाटेची कड सोडली नाही. मग ती रेघेवर थांबली. मग अलीकडं सरकायला लागली. एका सकाळी त्यानं नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर खड्डा बघता बघता भरून आला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कळेना, हा साधूसारखा दिसणारा गडी एवढ्याशा गोष्टीवर एवढा का हसतोय.

ताणलेली कातडी सुटून आता सुरकुतली होती. घोट्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं.

"पुन्हा होईल का रं?" बुवांनी विचारलं.

"एकदा झालं की पुन्हा व्हायची भीती असते. प्रत्येक वेळी पाणी परत नेणाऱ्या वाटा थोड्या खराब होतात. मग सूज उतरतच नाही. म्हणून बेचक्या जपायच्या."

"कोण जपणार?"

श्रीरंगनं बेचकीत बोट फिरवून ओल नाही ना ते बघितलं. विचारण्यासारखा प्रश्नच नव्हता तो.

बुवा मठात परत आले त्याच्या दुसऱ्या सकाळी अंगणात थोडी माणसं होती. नदीकडचं दार उघडं होतं. भेटायला येणारा एका दारानं यायचा आणि दुसऱ्यानं जायचा. ओट्याच्या एका टोकाला एक म्हातारी आपला सुजलेला पाय पुढं करून बसली होती. तिच्या पायावर घरूनच काढून आणलेली गंधाची रेघ होती.

"डाक्टर हायती का?" तिनं अंबूबाईला विचारलं.

"हायती की. बस. बुवांचं पाय झालं की तुझंच."

आत बुवा खाटेवर होते, पाय उशीवर वर घेतलेले. श्रीरंगनं नुसत्या पाण्यानं ते धुतले. दोरीवरून उन्हात वाळलेल्या भगव्या पट्ट्या आणल्या आणि एकेक बेचकी टिपायला लागला. करंगळीजवळची भेग भरून आली होती. तिथं नवी, गुलाबी कातडी होती.

"आज दीक्षेचं विचारत न्हाईस," बुवा म्हणाले.

"नाही."

"का?"

"छाटी उरली नाही, बुवा."

बुवा मिस्कील हसले.

"हात दाव."

श्रीरंगनं दोन्ही हात पुढं केले. बुवांनी ते आपल्या हातांत घेतले, उलटसुलट केले, बोटं सरळ करून बघितली. हात स्थिर होते.

"ती गेली का रं... हातातनं?"

श्रीरंगनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल. मग इतके दिवस जे अडून राहिलं होतं ते फुटलं. तो वाकला, डोळे उघडे ठेवूनच वाकला, आणि म्हाताऱ्याच्या पायावर ढसाढसा रडला. म्हातारीनं दारातून डोकावून बघितलं आणि पदर तोंडाला लावून परत बसली.

बुवांनी त्याला रडू दिलं. डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

हुंदके थांबले.

मग बुवांनी पायाची बोटं जराशी फाकवली.

"परत ओला केलास," ते म्हणाले. "पूस."